सहाव्या दिवसाचं काय? सोलापुरात घर सोडलेल्या बाईच्या निवाऱ्यासाठी महापालिकेकडे निधी कसा मागायचा

मारहाणीमुळे घराबाहेर पडलेल्या बाईला सखी केंद्रात, म्हणजे सरकारी वन स्टॉप सेंटरमध्ये, जास्तीत जास्त ५ दिवस राहता येतं. पुढे शक्ती सदनात, म्हणजे जास्त दिवस राहता येईल अशा सरकारी निवासगृहात, जागा मिळाली तर ठीक. जागा नसली, बरोबर मोठा मुलगा असला किंवा रोजचं काम टाकून लांब जाणं परवडत नसलं, की सहाव्या दिवशी आल्या वाटेनं परत जाण्याखेरीज तिच्यापुढे फारसं काही उरत नाही.

आता दुसरा आकडा बघा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा म्हणतो की अर्ज आल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांनी साधारण ३ दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. निवारा ५ दिवसांचा आणि न्याय ६० दिवसांचा. मधले ५५ दिवस कुणाच्याच खात्यात नाहीत. महापालिकेकडे पैसे मागायचे ते याच ५५ दिवसांसाठी, असं माझं स्पष्ट मत आहे. नवी इमारत मागू नका. इमारतीला निधी मिळतो, कोनशिलाही बसते, पण रात्री दार उघडायला माणूस नसतो. मागायचं ते चालवण्याच्या खर्चासाठी.

हा लेख या कामात नव्यानं पडणाऱ्यांसाठी आहे: बचत गटाच्या ताया, महिला मंडळं, समाजकार्य शिकणारी मुलं-मुली, पहिल्यांदाच निवडून आलेले नगरसेवक.

आधी आजची रात्र

निधीचा पाठपुरावा वर्षभर चालेल, पण बाई आज रात्री येणार आहे. त्यामुळे पहिली पायरी कागदाची नाही.

तीन-चार नंबर पाठ असू द्या. जीव धोक्यात असेल तर ११२. निवारा आणि सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१, ती चोवीस तास चालते. मुलांचा प्रश्न असेल तर १०९८. मोफत वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळताना उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट पुष्कळ शिकल्यासवरल्या लोकांनाही ठाऊक नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे.

समजा रविवार आहे, रात्रीचे साडेदहा. एसटी स्टँडवर एक अक्का बसली आहे. पूर्व भागातली, तेलुगू सफाईदार, मराठी अडखळत. मांडीवर एक पोर, शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा, हातात वायरची पिशवी, त्यात मुलांचे कपडे आणि विडी कामगाराचं कार्ड. कार्ड तिनं आठवणीनं घेतलंय, आधार कार्ड घरीच राहिलंय. तुम्ही तिला घेऊन पोलीस ठाण्यात जाता. तिथे ऐकायला मिळतं, "नवरा-बायकोचं भांडण हाय, सकाळी दोघांना बोलवून समजावतो." इथे वाद घालत बसू नका. शांतपणे म्हणा, "साहेब, समजूत उद्या घाला. आज रात्री अक्काला आन् पोरांना कुठं ठेवायचं, तेवढं बघू." कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम ५ नुसार तिला तिचे हक्क, संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला सरकारी अधिकारी) आणि निवारा यांची माहिती देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. कलमाचा आकडा उच्चारला की बोलण्याचा सूर बऱ्याचदा बदलतो.

निवारागृहातही असंच. कलम ६ प्रमाणे तिनं स्वतः किंवा तिच्या वतीनं संरक्षण अधिकाऱ्यानं मागणी केली, तर अधिसूचित निवारागृहाच्या प्रमुखाला तिला आसरा द्यावाच लागतो. मागणी लेखी असावी आणि ती कलम ६ खाली आहे असं त्यात लिहावं. "आधी घरगुती घटनेचा अहवाल (हिंसाचाराची ठरावीक नमुन्यातली नोंद) आणा, मग घेतो" असं म्हणून परत पाठवता येत नाही. २००६ च्या नियमांत हे साफ लिहिलेलं आहे. तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे कुणालाही सांगायचं नाही, तिच्याविरुद्ध तक्रार झालेल्या माणसाला तर नाहीच. मार लागला असेल तर वाटेत सिव्हिल हॉस्पिटलला थांबा, केसपेपर करा, जखमा कशानं झाल्या ते डॉक्टरांना लिहायला सांगा. त्या कागदाचं मोल पुढे कोर्टात कळतं.

शहर आणि ग्रामीण हा घोळही आधीच समजून घ्या. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, जिल्ह्याला ग्रामीण पोलीस अधीक्षक. कुंभारीच्या विडी घरकुल किंवा रे नगर या कामगार वसाहतींत राहणारी बाई शहरात कामाला येते, शहरात बाजार करते, पण तिचं घर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो, त्यामुळे पोलिसांपुरता हा प्रश्न सुटतो. महापालिकेच्या पैशाबाबत मात्र तो अडतो. त्याकडे पुढे येतो.

आणखी एक, आसरा शोधण्याआधी विचारायची गोष्ट: घर तिनंच का सोडायचं? कलम १७ तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतं. कलम १९ खाली नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा किंवा तिच्यासाठी भाड्याच्या घराची सोय करण्याचा आदेश होऊ शकतो. घर सासऱ्याच्या नावावर असलं म्हणून तिचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सांगितलं. कलम २३ खाली तातडीचा अंतरिम आदेशही मागता येतो. म्हणजे निवारा ही मधल्या काळाची सोय आहे. हे तुमच्या डोक्यात पक्कं असलं तरच महापालिकेत नेमकं मागता येईल.

पैसा कुणाचा, कुठून येतो

सखी केंद्र हे केंद्र सरकारच्या मिशन शक्ती योजनेत येतं. त्याचा पूर्ण पैसा केंद्राचा आणि कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. शक्ती सदन म्हणजे आधीची स्वाधार गृहं आणि उज्ज्वला गृहं एकत्र करून केलेली योजना. तिथे केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. संरक्षण अधिकारी राज्याच्या महिला व बाल विकास विभागाचे. या सगळ्या साखळीत महापालिका कुठेच नाही, आणि "हे आमचं काम नाही, कलेक्टर ऑफिसला जा" असं तुम्हाला इंद्रभुवनच्या, म्हणजे महापालिकेच्या, आवारात पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल.

त्यात थोडं तथ्यही आहे. महापालिका कायद्यात कामांचे दोन गट आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, गटार, दिवाबत्ती, साफसफाई बंधनकारक. अडचणीतल्या बायकांचा निवारा बंधनकारक यादीत नाही. म्हणून "तुमचं कर्तव्य आहे" या सुरात जाऊ नका, तोंडघशी पडाल. सूर ठेवायचा तो असा: महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचे राज्य शासनाचे आदेश आहेत, तो तुम्ही ठेवताच, त्यातला थोडा या कामाला द्या.

बेघर निवारा केंद्राशी याची गल्लत होऊ देऊ नका. शहरी बेघरांसाठी लोकसंख्येच्या दर लाखामागे एक निवारा असावा, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला, आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्याला पैसाही मिळत होता. तो रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी. "आमच्याकडे निवारा केंद्र आहे की, तिथे पाठवा" असं कुणी म्हटलं तर सांगा: जिथे कुणीही आत येऊन कुणाचीही चौकशी करू शकतो, तिथे नवऱ्यापासून पळालेली बाई सुरक्षित नाही.

तुमच्या वस्तीतली अडचण आधी कागदावर आणा

निवेदन घेऊन जाण्याआधी काही महिने नोंद ठेवा. नावं नकोत, पत्ते तर मुळीच नकोत. साध्या वहीत एवढंच: महिना, किती वाजता आली, बरोबर किती मुलं आणि त्यांची वयं, कुठे पाठवली, किती दिवस राहिली, पुढे कुठे गेली, आणि कशामुळे अडलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. महिला संस्था, सिव्हिलमधले समाजसेवा अधीक्षक, पोलिसांचा महिला कक्ष, संरक्षण अधिकारी, सगळ्यांकडून अशीच नुसत्या आकड्यांची माहिती मिळवा.

सोलापूरचं "कशामुळे अडलं" हे पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं आहे, आणि इथेच तुमच्या मागणीला वजन येतं.

विडी कामगार बाईचंच घ्या. तिची मजुरी रोजची. कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू घ्यायची, घरी वळायच्या, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या, छाट (नापास ठरवलेल्या विड्या) किती काढली ते बघायचं आणि पुन्हा पान घ्यायचं. ती चार दिवस आली नाही तर चार दिवसांची मजुरी गेली. तिला निवाऱ्यात ठेवायची म्हणजे सूप, कात्री, पान भिजवायला जागा हवी, आणि लहान मुलं असलेल्या घरात तंबाखूचा वास आणि धूळ यांची व्यवस्थाही हवी. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. नवऱ्याला ब्रँच माहीत असते आणि ती कोणत्या वेळी माल द्यायला जाते तेही माहीत असतं. दार कितीही गुप्त ठेवलं तरी तो ब्रँचच्या कोपऱ्यावर उभा राहू शकतो. म्हणून माल पोचवायला दुसरी बाई, किंवा काही आठवडे दुसऱ्या ब्रँचमध्ये सोय. युनियनच्या कार्यकर्त्यांशी आणि ब्रँचच्या माणसाशी बोलून हे होऊ शकतं. पण ते करायला कुणीतरी पगारी माणूस लागतं, आणि हा खर्च कुठल्याच सरकारी योजनेच्या तक्त्यात बसत नाही.

मोठ्या मुलाचा प्रश्न असाच. महिलांच्या निवाऱ्यात मुलग्यांना वयाची मर्यादा असते. ती ओलांडलेला मुलगा बालगृहात पाठवायचा की आईनं त्याच्यासाठी परत जायचं, असा पेच पडतो. बाया परत जातात. कुटुंबाला वेगळी खोली देता येईल असा निवारा असेल तर हा पेच बऱ्यापैकी सुटतो.

भाषेचं सोलापूरकरांना सांगायला नको. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि बंजारा तांड्यावरची बोली. समुपदेशक ताई फक्त मराठी बोलत असेल तर अर्धी गोष्ट बाहेरच राहते.

अंदाजपत्रकाचं पुस्तक वाचायला शिका

महापालिकेचं अंदाजपत्रक छापील पुस्तकाच्या रूपात असतं. जाड असतं, घाबरू नका. तुम्हाला महिला व बालकल्याणाची पानं शोधायची आहेत. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या खात्यापुढे, आकड्यांचे रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित तरतूद, येत्या वर्षाची तरतूद. नवखा माणूस येत्या वर्षाची तरतूद बघून खूश होतो. तुम्ही प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघा. तरतूद म्हणजे आश्वासन. पैसा निघाला की नाही ते खर्चाच्या रकान्यात कळतं. महिला व बालकल्याणाचा निधी म्हटलं की शिलाई मशीन, पार्लरचा कोर्स आणि हळदी-कुंकवाचा मेळावा एवढंच लोकांना आठवतं, त्यातही काही रक्कम अखर्चित राहिली असेल तर तीच तुमची जागा.

आकडे पुरेसे कळले नाहीत तर माहितीचा अधिकार वापरा. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राचा नियम. उत्तराची मुदत ३० दिवस. मजकूर असा ठेवा: "महिला व बालकल्याण लेखाशीर्षाखाली गेल्या ३ आर्थिक वर्षांतील मूळ तरतूद, सुधारित तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि अन्य लेखाशीर्षांकडे वर्ग केलेली रक्कम यांची वर्षनिहाय, कामनिहाय माहिती मिळावी." यातला शेवटचा भाग विसरू नका. वर्षाच्या मध्यात वर्गीकरणाचा ठराव करून एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला फिरवला जातो. तो कुठे गेला हे माहीत असलं की पुढच्या वर्षी बोलताना आपला आवाज वेगळा लागतो.

मागणीचा हिशेब

"भरीव निधी द्यावा" असं निवेदनात लिहिलं की ते फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. आकडा द्या. खाली रीत दाखवतो. दर मी धरलेले आहेत, तुम्ही बाजारातले आणि किमान वेतनाचे चालू दर घाला.

चार खोल्यांचं घर धरा, एका कुटुंबाला एक खोली. प्रत्येक कुटुंब ६० दिवस राहिलं तर एका खोलीत वर्षाला ६ कुटुंबं, म्हणजे चार खोल्यांत २४. एका वेळी साधारण १२ माणसं, त्यातली बरीच लहान मुलं. जेवणखाण माणशी १२५ रुपये धरलं तर दिवसाला १,५०० आणि वर्षाला ५,४७,५००. घरभाडं, वीज मिळून महिना २५,००० म्हणजे ३,००,०००. समुपदेशक एक, महिना २२,००० प्रमाणे २,६४,०००.

आता जिथे बहुतेक प्रस्ताव फसतात ती बाब. "काळजीवाहक: १" असं लिहिलेलं असतं. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करणार. भागाकार केला तर साडेतीन माणसं, आणि रजा-आजारपण धरलं तर कमीत कमी ४. एकच काळजीवाहक असेल तर रात्री दाराला कुलूप, आणि बाई येते ती रात्रीच. चार जणी, महिना १५,००० प्रमाणे ७,२०,०००. रिक्षाभाडं, औषधं, पहिल्या रात्रीचे कपडे-साबण-सॅनिटरी पॅड, दूध, शाळेची वही, यांना १,५०,०००. हाताशी रोख ६०,०००. एकूण २०,४१,५००.

स्थायी समितीत कुणीतरी लगेच २४ नं भागणार आणि म्हणणार, "एका कुटुंबावर ८५ हजार?" उत्तर तयार ठेवा. तीन माणसांचं कुटुंब, ६० दिवस, म्हणजे १८० माणूस-दिवस; माणशी रोजचे ४७५ रुपयांच्या आत, त्यात राहणं, जेवण, राखण, समुपदेशन सगळं आलं.

पाण्याची टाकी मात्र अजिबात विसरू नका. नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तरी बाहेरगावच्या नमुन्यावरून केलेल्या प्रस्तावात टाकीच नसते. १२ माणसं, रोज माणशी १०० लिटर, पाणी ४ दिवसांआड धरलं तर ४,८०० लिटर लागतात. ५,००० लिटरची टाकी हा एकदाच होणारा खर्च, तो वेगळा दाखवा. टँकर मागवायचा म्हटलं तर टँकरवाल्याला पत्ता द्यावा लागतो, हेही लक्षात घ्या.

कधी आणि कुणाकडे जायचं

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पण मार्चमध्ये निवेदन घेऊन जाणं म्हणजे वरात निघून गेल्यावर अक्षता घेऊन पोचणं. दिवाळीच्या आगेमागे खात्यांच्या मागण्या गोळा व्हायला लागतात, तेव्हाच महिला व बालकल्याण विभागात तुमचा प्रस्ताव पोचला पाहिजे, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. तुमच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की बजेटची चर्चा तापते. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, मग ते सर्वसाधारण सभेत जातं.

क्रम असा ठेवा. आधी विभागातल्या समूह संघटिका आणि लिपिक. फाइलचा प्रवास त्यांना ठाऊक असतो, त्यांच्याशी नीट वागा. मग मुख्य लेखापाल, कारण लेखाशीर्ष नसेल तर मंजुरी मिळूनही पैसा निघत नाही. मग महिला व बालकल्याण समितीच्या सदस्या आणि तुमच्या प्रभागाचे नगरसेवक. शेवटी आयुक्त. पुष्कळजण उलटे जातात: आयुक्तांना पुष्पगुच्छ, फोटो, आणि मग विभागात कुणालाच काही माहीत नाही. सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, जसे सोलापुरात मार्च २०२२ नंतर होते, तर स्थायी समिती आणि सभा दोन्हींचे अधिकार त्यांच्याकडेच. तेव्हा चर्चेला वाव कमी, पण सही एकाच ठिकाणची.

नगरसेवकांना एक विनंती. हे काम तुम्ही केलं हे जरूर सांगा, पण उद्घाटन, फलक आणि लाभार्थींसोबत फोटो नको. एका फोटोमागे दिसणाऱ्या दुकानाच्या पाटीवरून जागा सापडते.

ठरावाचे शब्द

अंदाजपत्रक सार्वजनिक, ठराव सार्वजनिक, निविदाही सार्वजनिक. निवाऱ्याचा पत्ता मात्र गुप्त. हे दोन्ही कसं जमवायचं? ठरावात जागेचा पत्ता घालायचा नाही, कामाचं नाव साधं ठेवायचं, "महिला तात्पुरता निवास सहाय्य" असं काहीतरी. महापालिकेची रिकामी शाळा किंवा समाजमंदिर मिळत असेल तर मोह होईल. पण ती जागा सगळ्या वस्तीला माहीत असते, आणि जागेचा ठराव झाला की ती कायम कागदावर. तिथे दिवसा चालणारं सल्ला केंद्र करा; मुक्काम दुसरीकडे, भाड्याच्या साध्या घरात.

ठरावात आणखी तीन गोष्टी हव्यात. एक, मुक्काम ६० दिवसांपर्यंत, आणि कोर्टाचा अंतरिम आदेश प्रलंबित असेल तर वाढवून. दोन, "महापालिका हद्दीतील रहिवासी" या अटीऐवजी "महापालिका हद्दीत आश्रयास आलेली किंवा काम करणारी". नाहीतर कुंभारीची अक्का पहिल्याच दिवशी बाहेर. तीन, आधार कार्ड किंवा रेशनकार्ड नसलं तरी प्रवेश. कागद घेऊन पळणारी बाई विरळाच.

पैसे संस्थेच्या हातात येईपर्यंत

महापालिका स्वतः निवारा चालवेल याची शक्यता कमी. ती स्वारस्य प्रस्ताव (काम करायला तयार असलेल्या संस्थांचे अर्ज) मागवून संस्था नेमेल. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी, मागच्या ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हवेत, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद हवी. याखेरीज संस्थेनं २००५ च्या कायद्यातल्या कलम १० खाली सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी करून घ्यावी आणि निवारागृह राज्य शासनाकडून अधिसूचित करून घ्यावं. कायद्याच्या लेखी अधिसूचित झालेलं घर तेच निवारागृह. ते नसेल तर संरक्षण अधिकारी कलम ६ खाली बाई पाठवू शकत नाहीत आणि तुमच्या खोल्या रिकाम्या राहतात. हा प्रस्ताव जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत जातो.

करारात ऑडिटची बाब आधीच मिटवा. ऑडिटर येणार आणि नेहमीच्या सवयीनं लाभार्थींची सह्यांसह यादी मागणार. बिलाला नावं जोडली की ती लेखा विभागातून चार टेबलं फिरतात. म्हणून करारातच कलम घाला: बिलावर फक्त नोंद क्रमांक, मुक्कामाचे दिवस आणि माणसांची संख्या, मूळ नोंदवही निवाऱ्यात बंद, आणि ती पाहायची झाल्यास विभागप्रमुख महिला अधिकाऱ्यानं जागेवर येऊन पाहायची. मुख्य लेखापरीक्षकांची याला संमती घेऊन ठेवा, लेखी.

बिलं उशिरा निघतात. तिमाहीचं बिल पुढच्या तिमाहीच्या शेवटी मिळालं तरी चांगलं म्हणायचं. त्यामुळे करारात आगाऊ हप्ता मागा, त्याचा विनियोग दाखला (पैसे कशावर खर्च झाले त्याचा कागद) वेळेवर द्या, आणि किराणा दुकानदाराशी दोन-तीन महिन्यांच्या उधारीचं आधीच बोलून ठेवा.

महापालिकेचा निधी पुरणार नसेल तर दोन दारं आहेत. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतले ३ टक्के महिला व बालविकासासाठी राखीव असतात. तिथे पालकमंत्री अध्यक्ष, आणि मागणी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतही महिलांसाठी निवासगृह उभारणं हा मान्य विषय आहे. आमदार-खासदार निधीतून टाकी, सोलर हीटर अशा वस्तू मिळतात का ते विचारा. पगार त्यातून मिळत नाही.

करारावर सही करण्याआधी शेवटची तारीख वाचा. बहुतेक करार ३१ मार्चला संपतात आणि नवा आदेश निघायला मे-जून उजाडतो. १ एप्रिलला सकाळी आत तीन बाया आणि पाच मुलं असतील, तर त्यांचं काय करायचं? कलम असं हवं: मुदत संपताना जी कुटुंबं मुक्कामी आहेत त्यांचे ६० दिवस पूर्ण होईपर्यंतचा खर्च जुन्याच दरानं देय राहील. हे एक वाक्य घालून घ्यायला लेखा विभागात चार हेलपाटे पडले तरी पडू द्या, आणि ते घातल्याखेरीज सही करू नका.